त्रिपुरी-जबलपूरचा नगरेतिहास आणि मराठी संशोधन

१

नगराचा इतिहास हा विषय मराठीला नवा नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ या नावाने पेठा, वाडे, देवळे आणि घराण्यांची दप्तरे यांची माहिती खंडशः छापली. नगर हे एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र आहे, त्याची साधने राज्याच्या इतिहासाहून वेगळी असतात आणि ती गोळा करणाऱ्याला त्या नगरात पायी हिंडावे लागते, ही जाण या दोन्ही उद्योगांत स्पष्ट दिसते. मात्र या परंपरेची एक मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मराठीतील नगरेतिहास बहुधा मराठी मुलखाच्या सीमेपाशी येऊन थांबतो. सीमेपलीकडील ज्या नगरांच्या इतिहासाची साधने मराठी संशोधकांनीच आयुष्य वेचून उजेडात आणली, त्या नगरांनाही मराठी लेखनात क्वचितच जागा मिळते.

जबलपूर हे अशा नगरांचे ठळक उदाहरण होय. जबलपूरपासून सुमारे १३ किलोमीटरांवर, भेडाघाटच्या वाटेवर असलेले तेवर हे गाव म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. शेजारची गढा ही गोंड राजांची राजधानी. इ. स. १७८१ ते १८१७ या काळात हा सारा प्रदेश मराठ्यांच्या अमलाखाली होता. प्राचीन, मध्ययुगीन आणि उत्तर-मध्ययुगीन असे तीन थर येथे एकाच परिसरात सापडतात. या तिन्ही थरांशी मराठी संशोधनाचा संबंध आहे. त्यांपैकी पहिल्यात तो गौरवाचा, दुसऱ्यात जवळजवळ नसल्यासारखा, तर तिसऱ्यात अडचणीचा आहे. मराठी अभ्यासकांनी हे नगर आपल्या कक्षेबाहेर ठेवल्याने मराठीचे नुकसान होतेच, पण भारतीय वाङ्मयेतिहासातही एक पोकळी राहते, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

नगरेतिहासाची बांधणी कशी होते हे समजण्यास इंग्लंडमधील लिंकन या कॅथेड्रल-नगराचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे १९१० साली कॅनन सी. डब्ल्यू. फॉस्टर या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने लिंकन रेकॉर्ड सोसायटी स्थापन झाली. मूळ कागद शुद्ध स्वरूपात छापणे एवढेच तिचे काम. कॅथेड्रलच्या जुन्या दानपत्रांचा संग्रह ‘रजिस्ट्रम अँटिक्विसिमम’ या नावाने १९३१ पासून निघू लागला. फॉस्टर यांच्या निधनानंतर कॅथलीन मेजर या विदुषीने ते काम हाती घेतले आणि १९७३ मध्ये दहाव्या खंडाने ते पुरे केले. या साधनांच्या आधारावर फ्रान्सिस हिल यांनी १९४८, १९५६, १९६६ आणि १९७४ अशा टप्प्यांनी मध्ययुगापासून व्हिक्टोरियन काळापर्यंतचा लिंकनचा इतिहास चार ग्रंथांत लिहिला. हिल हे विद्यापीठातील अध्यापक नव्हते. ते त्याच गावात वकिली करीत आणि गावाचे महापौरपदही त्यांनी भूषविले होते.

या उदाहरणातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, साधनांचे प्रकाशन आणि त्यांवरून रचलेले कथन या दोन पायऱ्या असून पहिलीवाचून दुसरी पोकळ ठरते आणि दुसरीवाचून पहिली तज्ज्ञांच्या कपाटात राहते. दुसरी अशी की, लिंकनमध्ये दोन्ही पायऱ्या एकाच भाषेत, त्याच गावाच्या माणसांसाठी चढल्या गेल्या. दानपत्रे लॅटिन असली तरी त्यांच्याविषयीचे सारे लेखन नगरवासीयांना वाचता येणाऱ्या भाषेत झाले. भारतीय नगराची अडचण नेमकी येथेच सुरू होते. त्याची साधने चार-पाच भाषांत आणि लिप्यांत असतात, त्यांचे संपादन इंग्रजीत होते आणि नगरवासी तिसऱ्याच एका भाषेत व्यवहार करतात.

३

त्रिपुरीच्या बाबतीत पहिली पायरी भक्कम आहे, आणि तिच्या उभारणीत मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे. कनिंगहॅम यांनी १८७०च्या दशकात तेवर-भेडाघाटची पाहणी केली. कलचुरी संवताचा आरंभ इ. स. २४८-२४९च्या सुमारास ठेवला पाहिजे हे किलहॉर्न यांनी दाखविले. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. कटनी-मुडवाऱ्याचे रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातील लेखांची वर्णनात्मक सूची इंग्रजीत काढली आणि ‘जबलपुर-ज्योति’ हे जिल्हावर्णन हिंदीत लिहिले. राखालदास बंदोपाध्याय यांचा त्रिपुरीचे हैहय आणि त्यांच्या वास्तू यांवरील ग्रंथ १९३१ चा. त्यानंतर सागर विद्यापीठातर्फे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२-५३ मध्ये तेवर येथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तान्त १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादिलेला कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा संग्रह, म्हणजे ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’चा चौथा खंड, दोन भागांत निघाला. लिंकनच्या दानपत्रसंग्रहाच्या तोडीचे हे कार्य एका व्यक्तीने केले आहे.

या लेखांकडे राजवंशांच्या कालक्रमाची साधने म्हणूनच पाहण्याची सवय जडली आहे. वस्तुतः ते वाङ्मय आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ते वाङ्मय म्हणून वाचले पाहिजे. कलचुरी संवत् ९०७, म्हणजे इ. स. ११५५ चा भेडाघाट येथील लेख पाहावा. गयाकर्णाची राणी अल्हणदेवी ही मेवाडच्या गुहिल कुळातील. आपला पुत्र नरसिंह राज्य करीत असताना तिने येथे शिवमंदिर बांधले, त्याला जोडून मठ आणि व्याख्यानशाला उभारली आणि त्यांची व्यवस्था लाट परंपरेतील रुद्रराशी या पाशुपत आचार्याकडे सोपविली. या प्रशस्तीचा कवी शशिधर होय. मेवाडची राजकन्या, लाटचा आचार्य, नर्मदेचा काठ आणि संस्कृत काव्य यांचा असा संगम एका शिळेवर असता, भारतीय साहित्याच्या इतिहासात शशिधराचे नाव सहसा आढळत नाही. त्याची रचना शिलालेखांच्या संग्रहात छापली गेली, काव्यसंग्रहात नाही, एवढेच त्याचे कारण.

राजशेखराचे उदाहरण याहून बोलके आहे. यायावर कुळातील हा कवी कनौजच्या प्रतिहारांच्या आश्रयास होता. त्याचा पणजा अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटले आहे, आणि मराठीतील लेखनात राजशेखराचा उल्लेख बहुधा एवढ्यापुरताच होतो. परंतु ‘विद्धशालभंजिका’ या नाटिकेचा संबंध त्रिपुरीच्या पहिल्या युवराजदेवाशी, म्हणजे केयूरवर्षाशी, आहे. दुसऱ्या युवराजदेवाच्या काळातील बिल्हारी येथील शिलालेखात तर, ही रचना पाहून विस्मित झालेल्या राजशेखरानेही तिची स्तुती करावी, असा भाव आला आहे. शिलालेख कोरविणारा कवी एका नाटककाराला आपला मानदंड मानतो, यावरून त्या दरबारातील वाङ्मयीन अभिरुचीची कल्पना येते. पुढे अकराव्या शतकात कर्णाच्या सभेत बिल्हणाने गंगाधर कवीला जिंकल्याचे बिल्हणच ‘विक्रमांकदेवचरिता’त सांगतो. काश्मीरचा कवी त्रिपुरीत वाद जिंकतो आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांकडे जातो. हा प्रवास आजच्या भाषिक राज्यांच्या नकाशावर बसविता येत नाही.

शैव विद्येच्या इतिहासातही त्रिपुरीचे स्थान असेच सीमा ओलांडणारे आहे. आंध्रातील मल्कापुरम येथील इ. स. १२६१ चा स्तंभलेख काकतीय राणी रुद्रमदेवीच्या काळातील आहे. त्यात विश्वेश्वर शंभू या आचार्याची परंपरा डाहल मंडलातील गोळकी मठापर्यंत नेली असून, त्या मठाच्या संस्थापकास कलचुरी युवराजाने भूमी दिल्याचे सांगितले आहे. हा मठ म्हणजे भेडाघाटचे चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय असे एक मत आहे, तर काही विद्वान तो रेवा भागातील गुर्गी येथे मानतात. भेडाघाटच्या या आवारात नाव चौसष्टचे असले तरी मूर्तींसाठी ८१ कोष्ठे आहेत, आणि अनेक मूर्तींच्या पीठांवर योगिनींची नावे कोरलेली आहेत. मठाचे स्थान कोणतेही ठरो, डाहलात उगम पावलेली विद्या आंध्र आणि तमिळ देशांत जाऊन टिकली हे निर्विवाद आहे. याच परंपरेतील सोमशंभूच्या कर्मकांडपद्धतीचे फ्रेंच भाषांतर पाँडिचेरीहून १९६३ पासून खंडशः निघाले. त्रिपुरीच्या विद्यापरंपरेचा एक ग्रंथ फ्रेंच वाचकास सटीप उपलब्ध व्हावा आणि नर्मदाकाठच्या वाचकास त्याचे नावही ठाऊक नसावे, ही स्थिती विचार करावयास लावणारी आहे.

४

साधने छापली गेली, परंतु ती ज्या दगडांवर होती ते दगड विखुरले. अल्हणदेवीची शिळा फिट्झएडवर्ड हॉल यांच्यामार्फत अमेरिकेत, न्यू हेवन येथील ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेली. बिल्हारीचा लेख नागपूरच्या संग्रहालयात आला. त्रिपुरीचाच भाग असलेल्या करणबेलचे दगड रेल्वेच्या बांधकामासाठी उचलले गेल्याची नोंद जुन्या अहवालांत आहे. तेवर गावातील घरांच्या भिंतींत आणि देवळांच्या ओट्यांवर कोरीव दगड बसले. मुनी कांतिसागर यांच्या ‘खण्डहरों का वैभव’ या हिंदी ग्रंथात या भग्नावशेषांविषयीची कळकळ वाचावयास मिळते.

दगडांप्रमाणे विद्येचीही वाटणी झाली. १९५५ मध्ये मिराशी आणि दीक्षित यांचे ग्रंथ निघाले आणि १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. तोपर्यंत नागपूर ही दोन्ही प्रदेशांची राजधानी होती. तेथील संग्रहालय, महाविद्यालये आणि संशोधन मंडळे विदर्भाइतकीच महाकोशलाचीही होती. सीमा पडताच या संस्थांचे लक्ष साहजिकपणे आपापल्या राज्याकडे वळले. मिराशींचा वाकाटकांवरील संग्रह १९६३ मध्ये आणि शिलाहारांवरील १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाकाटक, सातवाहन आणि शिलाहार या तिन्ही वंशांवर त्यांनी मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिले. कलचुरींवरील त्यांचा ग्रंथ मात्र हिंदीत आहे. मराठी वाचकास कलचुरींविषयीचे त्यांचे विचार ‘संशोधन-मुक्तावली’च्या निरनिराळ्या सरांतील लेखांतून वेचावे लागतात. यात मिराशींचा दोष काढण्याचे कारण नाही. जबलपूरचा वाचक हिंदी वाचतो, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी हिंदीत लिहिले, आणि ते योग्यच झाले. प्रश्न आहे तो त्यांच्यानंतरच्या मराठी अभ्यासकांचा. ज्या विषयावर आपल्याच भाषेच्या विद्वानाने पायाभूत ग्रंथ रचला, तो विषय केवळ राज्य बदलले म्हणून परका मानणे, हे विद्येच्या क्षेत्रात प्रशासकीय नकाशाला शरण जाणे होय.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. जबलपूर हे हिंदी भाषेचे नगर असून त्याचा इतिहास हिंदी अभ्यासक लिहीत आहेत, तेव्हा मराठीने त्यात का पडावे, हा पहिला. हिंदीत आणि इंग्रजीत या विषयावर उत्तम काम झाले आहे यात शंका नाही. भेडाघाटच्या योगिनी-मंदिरावरील राजेंद्रकुमार शर्मा यांचा १९७८ चा ग्रंथ हे त्याचे एक उदाहरण. परंतु या नगराच्या इतिहासाचा एक थर असा आहे की, जो मराठीच्या साह्यावाचून वाचताच येत नाही. तो थर मराठी अमलाचा.

इ. स. १७४२ मध्ये पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली, त्या युद्धात गोंड राजा महाराजशाह मारला गेला आणि राज्यावर चौथाई बसली. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभ्याने गढा-मंडल्याचे राज्य खालसा केले. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला व नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. डिसेंबर १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे आज प्रचलित असलेले वर्णन मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून आले आहे. स्लीमन यांचा गढा-मंडल्याच्या राजांवरील लेख १८३७ चा, आणि पुढील गॅझेटियरे त्याच वाटेने गेली. मराठ्यांचा अमल म्हणजे केवळ वसुलीचा जाच, असा त्यांचा सूर आहे. तो सूर खरा असेल किंवा अतिरंजित असेल. जिंकणाऱ्या इंग्रजाला मागील सत्तेची निंदा सोयीची होती हे जसे खरे, तसे गोंडांच्या प्रदेशात मराठे जेते म्हणूनच आले होते हेही खरे. निर्णय देण्यास सागर, नागपूर आणि पुणे येथील मोडी कागद तपासावे लागतील. हिशेब, पत्रे, सनदा, इनामांचे निवाडे यांतून कोणत्या परगण्यात किती वसूल आला, कोणत्या देवस्थानाचे उत्पन्न चालू राहिले, गोंड जमीनदारांशी कोणते करार झाले, हे कळू शकेल. हे काम जबलपूरच्या हिंदी अभ्यासकाने करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, कारण लिपी मोडी आणि भाषा दरबारी मराठी. मोडी वाचणारे लोक महाराष्ट्रातही दिवसेंदिवस कमी होत आहेत. आज हे काम झाले नाही, तर इंग्रजांनी काढलेले चित्र कायमचे शिल्लक राहील. त्याचे खंडन करण्याचा हक्क मराठीला उरणार नाही आणि ते मान्य करण्याचा प्रामाणिकपणाही दाखविता येणार नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल. मराठीने सीमेपलीकडे लक्ष घातले की लगेच अभिमानाची भाषा सुरू होते, असा अनुभव आहे. राजशेखराचा पणजा महाराष्ट्रचूडामणी होता म्हणून ‘विद्धशालभंजिका’ मराठी ठरत नाही. जबलपुरात काही काळ मराठ्यांचे ठाणे होते म्हणून गढ्याचा इतिहास मराठी इतिहासाचे परिशिष्ट होत नाही. हा धोका खरा आहे, आणि तो टाळण्याचा उपाय म्हणजे नगर हे एकक मानणे. नगराला केंद्र मानले की मग गोंडांचा थर गाळता येत नाही. इ. स. १६६७ च्या रामनगर येथील लेखात हृदयशाहाने आपल्या पूर्वजांची प्रदीर्घ वंशावळ संस्कृत श्लोकांत कोरवून घेतली आहे आणि तिचा कवी जयगोविंद आहे. एका गोंड राजघराण्याने आपला इतिहास शिळेवर संस्कृत काव्याच्या रूपात का मांडला, आणि तोच इतिहास गोंडी गायकांच्या तोंडी कोणत्या रूपात आहे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला शशिधराच्या प्रशस्तीइतकाच महत्त्वाचा वाटला पाहिजे. मराठी संशोधनाने या मधल्या थराकडे पाठ फिरवून केवळ कलचुरी आणि भोसले एवढेच उचलले, तर दुसरा आक्षेप सिद्ध झाला असेच म्हणावे लागेल.

६

मग करावयाचे काय? येथे मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. अल्हणदेवीचा, बिल्हारीचा आणि रामनगरचा असे तीन लेख प्रथम घ्यावेत. मूळ पाठ, मराठी व हिंदी गद्य अनुवाद आणि वाङ्मयीन टीपा यांसह ते एका पुस्तकात छापावेत. संस्कृत साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘रघुवंशा’च्या एखाद्या सर्गाशेजारी या प्रशस्तींपैकी एक ठेवली, तरी शिलालेख हा काव्यप्रकार आहे ही गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानी येईल. दुसरे काम १७८१ ते १८१७ या काळातील जबलपूर-मंडला विषयक मोडी कागदांच्या सूचीचे. सूची संपूर्ण छापण्याची घाई नको. कोणता कागद कोठे आहे आणि त्यात काय आहे, एवढी एकेका ओळीची नोंद झाली तरी पुढच्या अभ्यासकाची वाट मोकळी होईल. हे काम मोडी जाणणारा मराठी अभ्यासक आणि स्थळे-घराणी जाणणारा जबलपूरचा अभ्यासक यांनी मिळून करावयाचे आहे. एकाला अक्षर लागेल तेथे दुसऱ्याला गाव ओळखू येईल. तिसरे काम विखुरलेल्या शिळांची छायाचित्रे आणि ठसे जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात एकत्र ठेवण्याचे. न्यू हेवनची शिळा परत येवो वा न येवो, तिची स्पष्ट प्रतिमा आणि अनुवाद भेडाघाटला येणाऱ्या माणसाला दिसावा, ही मागणी अवास्तव नाही.

काळही यास अनुकूल आहे. २०२० मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे स्वतंत्र जबलपूर मंडल स्थापन झाले. २०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. संगमरवरी कडे आणि धुवाँधार पाहण्यास लोक येतात आणि यापुढे अधिक येतील. त्यांना तेथे काय सांगितले जाईल, हे विद्वानांनी काय लिहून ठेवले आहे यावर अवलंबून राहील. लिहिलेले हाताशी नसेल, तर ती जागा दंतकथा भरून काढतील.

केंद्रीय विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांवर येथे विशेष जबाबदारी येते. प्रत्येक भाषेने आपापल्या प्रांताचा वाङ्मयेतिहास लिहावा आणि त्यांची बेरीज म्हणजे भारतीय साहित्य, अशी एक समजूत रूढ आहे. त्रिपुरीसारखे नगर या बेरजेत कोठेच बसत नाही. तेथील कवी संस्कृत-प्राकृतात लिहितात आणि महाराष्ट्र, कनौज व काश्मीर येथून येतात. तेथील आचार्य आंध्रात जातात, लेख नागपुरात आणि अमेरिकेत आहेत, एका कालखंडाची कागदपत्रे मोडीत आहेत आणि आजचे नगरवासी हिंदी बोलतात. भाषावार विभागणीत अशी नगरे गळून पडतात. एकाच छपराखाली अनेक भाषांचे अभ्यासक बसतात अशा ठिकाणीच ती उचलून घेता येतील. मिराशींनी आणि दीक्षितांनी त्रिपुरीचा पाया सात दशकांपूर्वी घातला. त्यावर भिंत चढविण्याचे काम मराठीने हिंदीच्या बरोबरीने हाती घ्यावे. मोडी वाचणारी पिढी अद्याप हयात आहे तोवर त्या कामाचा आरंभ झाला पाहिजे.